ठिपक्यांची एकच ओळ

तुझ्या थोरल्या भावाला ही हकीकत अर्धी ठाऊक आहे. धाकटे, तुझ्यासाठी मी ती पूर्ण लिहिते.

आपला रविवारचा फोन लवकर आटोपतो. गुडघे कसे आहेत, गोळ्या घेतल्यास का, तिकडे थंडी किती. मग, "ठेवू का, आजी?" त्या रविवारी मी सहज विचारलं, "काय करत होतास?" थोरला म्हणाला, "एक प्रोग्राम अडलाय, आजी," आणि बोलतच राहिला. चौकटींचा पट. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जायचं, फक्त उजवीकडे किंवा खाली सरकत. एकूण वाटा किती? पट एवढा मोठा की मशीनच्या मेमरीत मावत नव्हता. इतका वेळ तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "मला पाठव," मी म्हटलं. तो हसला, पण प्रश्न पाठवला.

प्रश्नाचं इंग्रजी मला अडलं नाही, आकडे अडले. मोतीबिंदूमुळे कागदावर इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसतात. मग रांगोळीचा डबा काढला. इथे वडनेरला घरात मी एकटी, अंगण मात्र मोठं. संध्याकाळी ठिपके मांडले आणि प्रत्येकाशेजारी तिथवर पोचायच्या वाटा लिहिल्या. ठिपक्यावर वरून येता येतं, नाहीतर डावीकडून. म्हणून त्या दोघांची बेरीज. पहिल्या ओळीत सगळे एक. दुसरीत एक, दोन, तीन, चार. तिसरीत एक, तीन, सहा, दहा. तेवढ्यात अंधारलं. एवढं तर त्यालाही येत असणार. अख्खा पट ठेवायचा कुठे, तिथेच तो अडला होता. म्हणजे रविवारी पुन्हा गुडघेच.

सकाळी पाहते तर अंगण ओलं. माझी कंबर धरते म्हणून शेजारीण माझ्या दारातही सडा टाकते.

"अवो काकू, हे काय मांडलं होतं? ठिपके अन् आकडे! मले वाटलं, कोनं करणी केली तुमच्यावर."

"नातवाचं गणित आहे गं ते."

"नातू तिकडं अन् गणित इकडं! मास्तरीनबाईले पगार काय भेटते?"

"फोन."

तिने बादली खाली ठेवली. "खालची एक ओळ राह्यली पाहा. बाकी गेलं वाहून."

वैतागून वरच्या ओळी पुन्हा काढायला बसले आणि हात थांबला. पुढच्या ओळीसाठी त्या लागतच नव्हत्या. नवी ओळही नको. तीन पुसले, डावीकडचा एक मिळवून तिथेच चार लिहिले. सहा पुसले, चार मिळवून दहा. पट कितीही लांब असो, एकच ओळ पुरत होती.

रविवारी थोरल्याला तसं सांगितलं. तिकडे की-बोर्ड वाजू लागला. मी फोन कानाला घट्ट लावून बसले.

"चाललं! आजी, चाललं! थांब, हे आत्ता पाठवून टाकतो, मग बोलू."

फोन बंद झाला. गुडघ्यांची चौकशीही राहिली. मला आनंद झाला होता, खरंच. तरी बराच वेळ फोन हातातच होता.

दुसऱ्या सकाळी शेजारणीला सांगितलं, "रविवारपर्यंत माझ्या दारात सडा नको."

"काऊन?"

"तिरकं जायचीही मुभा दिली तर वाटा किती होतात, ते पाहतेय."

"हे कोनं इचारलं?"

"अजून कोणी नाही," मी म्हटलं, आणि ठिपके मांडायला बसले.