वच्छलाबाईने नाझराला धाडलेली नोटीस

कोर्टात नाझर म्हणून चारुदत्तची उमेदीची सारी वर्षं लोकांना नोटिसा पोचवण्यात गेली. निवृत्तीनंतर मात्र यवतमाळात स्वतःच्याच भाडेकरणीच्या घरात शिरताना दारावर साधी थाप मारायची अक्कल त्याला नव्हती.

भाडेकरीण म्हणजे वच्छलाबाई. नवरा बापूजी केळापूरकडे शेती पाहायचे. मुलगी सुरभी कॉलेजात, म्हणून मायलेकी त्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. घरात कुकर होता, टीव्ही होता, कुणापुढे हात पसरायची वेळ नव्हती.

साल २००६. कपाशीनं जिल्ह्याची दैना केलेली, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. मुंबई-दिल्लीहून गाड्या यायच्या. पाहुण्यांना दुःखी शेतकरी बघायचे असत, पण उन्हात फार लांब जायचं नसे. चारुदत्तने त्यांची सोय केली. आपण समाजसेवक झालो हे त्याचं त्यानंच ठरवलं, आणि वेळी-अवेळी दार ढकलून पाहुणे आत आणू लागला. आधी टीव्हीवर चादर टाकायचा, कुकर मोरीत सरकवायचा, मग गळा दाटून म्हणायचा, "बघा, हे असं जगतात."

"काकाजी, आधी सांगत जा ना," वच्छलाबाई म्हणाली. "मी आंघोळीले बसली असली तं?"

"घर माझं आहे बाई. मला कसली परवानगी?"

एका सकाळी ती ओले केस पुसत असताना चौघे आत आले. एकाने फोटो काढला. दोन दिवसांनी तो पेपरात छापून आला. खाली लिहिलं होतं, 'कपाशीने कुंकू पुसलेली माउली.' केळापूरच्या चहाटपरीवर बापूजींनी तो स्वतःच वाचला, आणि मिळेल त्या बसने यवतमाळ गाठलं. मागोमाग नेरहून नणंद रडत आली. भाऊ पोहे खाताना दिसल्यावर तिने आधी त्याचीच खरडपट्टी काढली.

वच्छलाबाई हसली नाही. "जित्ता नवरा असून या माणसानं मले विधवा करून दाखोलं," ती सुरभीला म्हणाली. "घे कागद. लिही."

सुरभीने एका वकिलाला विचारून लिहिलं: जागा पाहायची तर घरमालकाने आधी लेखी कळवावं आणि योग्य वेळी यावं, असा कायदाच आहे. पत्र रजिस्टरने गेलं. पोस्टमनने भर गल्लीत नाझराची सही घेतली.

"मला नोटीस? मला?" तो अंगणात थयथयाट करू लागला. "खोल्या रिकाम्या कर!"

"तेही लिहून पाठवा," आतून आवाज आला. "अन् काहून पाह्यजे, ते बी लिहा."

लिहिण्याजोगं कारण त्याच्याकडे नव्हतं. कायदा पाठ होता, म्हणून तर जास्त पंचाईत.

तरी पुढच्या आठवड्यात तो पाहुणे घेऊन आलाच. दाराला आतून कडी. वच्छलाबाईने खिडकी उघडली.

"चिठ्ठी कुठं आहे, काकाजी?"

तो खिसे चाचपू लागला. पाहुण्यांतल्या एका बाईने विचारलं, "मग जवळपास दुसरी कुणी विधवा आहे का?"

वच्छलाबाईने खिडकी लावून घेतली.

त्यानंतर साधा नळ बघायचा असला तरी चारुदत्त आदल्या दिवशी दाराखालून कागद सरकवायचा: 'उद्या सकाळी अकरा वाजता येण्याचे योजिले आहे.' सोयीचं नसलं तर ती सुरभीकडून त्याच कागदामागे 'परवा या' लिहवून घ्यायची. तो मुकाट्याने परवा यायचा.

सुरभीची शेवटची परीक्षा झाली आणि मायलेकींनी खोल्या सोडल्या. चारुदत्त अजून सांगत असतो, एका दुःखी शेतकरी कुटुंबाला आपण कसा आसरा दिला ते. ऐकणारे चहा संपवतात आणि उठतात.