खाणावळीची सुट्टी

बायको गेल्यापासून मी लालबागला एका मालवणी बाईच्या खाणावळीत जेवतो. बाई तोंडाची फटकळ. वाढताना आमच्या तोंडाकडं बघत नाही, ताटाकडं बघते. भात उरला की ओरडते, "रांधणाऱ्याक जीव नाय काय?" स्वतः मात्र सगळ्यांच्या मागनं, उभ्यानंच जेवते.

यंदा कामगार दिनाला आमची गिरणी बंद होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत घसे फोडून आम्ही भुकेले आलो, तर खाणावळीची चूल थंड. बाई उंबऱ्यात पाय पसरून बसलेली.

"बाईंनी संप केला रे!" एक जण हसला.

"संप न्हय, सुट्टी. कामगार काय तुमीच?"

खरंच होतं ते.

मला रांधता येते ती फक्त पेज. बायकोच्या आजारपणात शिकलो. ती गेल्यावर चुलीला हात लावला नव्हता, तो त्या दिवशी लावला. बाईला पाटावर बसवलं आणि पहिला वाडगा तिला दिला.

बायको शेवटी शेवटी दोन घोट घेऊन तोंड फिरवायची. म्हणून मी बाईच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. तिनं सगळी पेज संपवली आणि वाडगा पुढं केला.

"मीठ कमी आसा, मामानू. अजून वाढा."