मडगार्डावरचं तूप

आज खांदमळणी, पोळ्याचा आदला दिवस. सकाळपासून मोबाईलवर सगळ्यांच्या बैलांचे फोटो येतायत... आमच्याकडे आता बैल नाहीत. अंबडजवळच्या आमच्या शेतातल्या घरासमोर एक जुनी पिकअप उभी आहे, तिचाच फोटो टाकतेय. अन् टाकतेच आहे तर तिची गोष्टही सांगते.

ही गाडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची. त्यांनी ती जुनीच घेतली होती आणि कितीतरी वर्षं तिच्यातून जालन्याच्या बाजारात मोसंबी नेली. बैलजोडी होतीच, पण हिला ते 'तिसरा बैल' म्हणायचे. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पदरात तोंड लपवून हसले होते.

पुढे गाडी थकली. गोठ्यामागे लिंबाखाली उभी राहिली आणि तिथेच गंजली, कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. सगळे म्हणायचे, द्या जालन्याच्या भट्टीत पाठवून, सळया तरी होतील. मामा ऐकून घ्यायचे, पण गाडी काही हलू द्यायचे नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, ऐन संक्रांतीत मामांना लकवा झाला. उजवा हात गेला. उजवा पाय ओढत चालता आलं असतं... पण ते चालेचनात. डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना, नाहीतर कायमचे बाज धरतील. मामांनी बाज धरलीच. ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडायचे, बोलणंही बंद. आम्ही दोघांनी धरून उठवलं तरच उठायचे, आणि उठवलं की चिडायचे.

तेव्हा आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं, गाडी ओसरीच्या कडेला आणून नीट करायची. "बाबा बघतील तरी. तिच्यापायी उठले तर उठले," एवढंच म्हणाले. मला वाटलं, माणूस अंथरुणात आणि हे लोखंड घासत बसणार! पण बैल जुंपून गाडी ओढत आणलीच.

मग सुरू झालं घरचं गॅरेज. सडलेला पत्रा कापून वेल्डिंगवाल्याकडून ठिगळं मारून घेतली. गंज घासायचं काम माझ्याकडे, कारण ह्यांना धीर नाही. पॉलिश पेपरने घासून घासून बोटांची सालं निघाली, नाकातोंडात लाल धूळ. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासलं, वर गंज रोखणाऱ्या लाल रेडऑक्साइडचा हात दिला.

सगळा आवाज ओसरीवर जात होता... मामांनी मान वळवली नाही. एकदा मी वैतागून बोललेच, "मामा, तुमच्या बैलाला आंघोळ घालतेय मी, बघा तरी!" तरी तोंड भिंतीकडेच. त्या दिवशी मात्र मी मनातून हरले होते.

पोळ्याच्या सकाळी रंग मारायचं ठरलं. अंबडहून कंप्रेसर आणि स्प्रेगन भाड्याने आणली. आदल्या संध्याकाळी, म्हणजे खांदमळणीला, ह्यांनी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," असं रीतीप्रमाणे म्हणाले, वाटी पिकअपच्या पायरीवर ठेवली आणि गावात गेले. मी आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आत चुलीपुढे पुरणाच्या तयारीत.

सकाळी बॉनेट झकास रंगलं. दोन्ही मडगार्डांवर मात्र रंग धरेचना... नासलेल्या दुधासारखा फाटून बाजूला सरकायचा. "थिनरमधी भेसळ हाय! समदे भेसळ करून राह्यले," हे ओरडले. मग पत्रा नीट घासला न्हाई म्हणून माझ्यावर घसरले. मी कशाला ऐकून घेते! तरातरा गेले आणि मडगार्डवर बोट फिरवलं. बुळबुळीत. वास घेतला... तूप.

आत्याबाईंना विचारलं तर त्या उखडल्या. "म्या कशाला लोखंडाला तूप लावू बाई? हितं पुरणाला पुरंना!"

पायरीवरची वाटी रिकामी होती. आणि गाडीपासून ओसरीपर्यंत चुन्याच्या भिंतीवर पिवळी बोटं उमटली होती. टेकत टेकत गेलेली, सगळी डाव्या हाताची... ती मामांच्या बाजेपाशी जाऊन थांबली होती.

संक्रांतीपासून एक पाऊल एकट्याने न टाकलेला माणूस उठला, गाडीला वळसा घातला, तिच्या दोन्ही खांद्यांना तूप चोळून परत येऊन झोपला... आणि घरात कुणाला पत्ता नाही!

हे बाजेपाशी गेले. "बाबा, तुम्ही गेल्ते गाडीपाशी?"

मामांनी तोंड आमच्याकडे वळवलं. जीभ जड, शब्द तुटक, पण राग अगदी पूर्वीसारखा. "बैलांना... दिलं आवतन. मंग तिला... कोन देनार?"

ह्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी स्प्रेगन हातात धरून रडले.

त्या पोळ्याला आमची पिकअप अर्धी रंगलेली, अर्धी लाल, मडगार्डांवर फाटक्या रंगाचे डाग, अशीच हार घालून उभी होती. मामा तिच्या मागच्या फाळक्याला धरून उभे राहिले. तिलाही पुरणपोळी द्या म्हणून हटून बसले, म्हणून बॉनेटवर ठेवली. ती कोंबड्यांनी खाल्ली.

नंतर थिनरने तूप पुसून, पुन्हा घासून रंग दिला. घासणारी अर्थात मीच, आणि काठी टेकून शेजारी उभं राहून चुका काढणारे मामा. त्यानंतर पुष्कळ वर्षं लाभले ते आम्हाला.

आता मामा नाहीत. संध्याकाळी मी वाटीत तूप-हळद कालवेन, आणि पॉलिश खराब होईल म्हणून हे दरवर्षीसारखे कुरकुरतील. होऊ द्या खराब... ह्या गंजक्या पत्र्याने आमचा माणूस उभा केला, ते उपकार वाटीभर तुपाने थोडेच फिटणार आहेत? पण आवतन तर द्यायलाच पाहिजे.