बासुंदी खाऊन केटरर पडला

वधूपित्याने बासुंदीची वाटी माझ्या तोंडाजवळ आणली, तेव्हा मी सरळ 'नको' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "अहो, कशाला!" आमच्या वऱ्हाडात 'अहो, कशाला' याचा अर्थ 'आणा लवकर' असा होतो.

"पयली वाटी तुमाले, गावंडे भाऊ. तुमी खाल्ल्याबिगर जेवणं सुरू नाही करत मी," तायडे गुरुजी म्हणाले. मूर्तिजापूरचे निवृत्त मास्तर, एकुलत्या मुलीचं लग्न. मागे नवरदेवाकडची मंडळी कौतुकाने पाहत उभी. मी वाटी चाटूनपुसून संपवली.

मी अकोल्याचा केटरर. माझं पोट हीच माझी जाहिरात होती. बारीक आचाऱ्यावर आमच्याकडे कोणी भरवसा ठेवत नाही. पण शुगर वाढली, गुडघे बोलायला लागले, आणि शेवटी अमरावतीला ऑपरेशन करून घेतलं. बायपास, हृदयाची नव्हे, पोटाची. पोटाची पिशवी लिंबाएवढी करतात आणि ती थेट खालच्या आतड्याला जोडतात.

हे बायको सुनंदाशिवाय कोणाला माहीत नव्हतं. बाकीच्यांना मी सांगितलं, रोज पहाटे फिरायला जातो आणि कारल्याचा रस पितो. माझ्या भरवशावर ज्यांनी तो रस प्यायला, त्यांची मी इथे माफी मागतो.

ऑपरेशननंतर खरं काम सुरू होतं, त्याला फॉलोअप म्हणतात. अमरावतीच्या डाएटिशियन मॅडम दर वेळी विचारायच्या, प्रोटीन पोटात जातं का? व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज घेता का? केस गळतात का? थकवा येतो का? मला एकच कळायचं: वजन. गोदामात कांद्याची पोती मोजायचा काटा आहे. त्यावर मी दर आठवड्याला चढायचो आणि आकडा पाहायला सगळ्या कामगारांना बोलवायचो. लग्नसराई लागली तशा गोळ्या बंद केल्या, रक्ततपासणी टाळली. जिना चढताना दम लागायचा. मला वाटायचं, कामाचा ताण.

आणि गोड? मॅडमनी बजावलं होतं, चव घ्या, गिळू नका.

गुरुजींची वाटी मी गिळली होती.

थोड्याच वेळात पुरीच्या कढईजवळ माझी छाती धडधडायला लागली. अंगाला दरदरून घाम फुटला. याला डंपिंग म्हणतात. गोड पदार्थ लहान पोटात थांबत नाही, धाडकन आतड्यात उतरतो आणि शरीर गडबडून जातं. मी खाली बसलो. म्हणजे मला तसं वाटलं. पाहणाऱ्यांच्या मते मी कोसळलो.

"अरे, केटररच पडला! आताच बासुंदी खाल्ली त्यानं!"

मांडवभर हातातले घास थांबले. एका बाईंनी पोराच्या तोंडातून बुंदी काढून घेतली. नवरदेवाचे मामा, अकोटचे, चांगले भारदस्त गृहस्थ; सकाळीच त्यांनी मला बारीक होण्याचा उपाय विचारला होता आणि मी कारल्याचा रस सांगितला होता. त्यांनी बासुंदीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि गरजले, "कोनी हात लावू नका! काय खाऊ घालून राहिले तुमी आमाले, गुरुजी?"

गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. "भाऊ, दुधात काही पडलं काय?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, की मला माझ्या धडधडीपेक्षा त्याचीच भीती वाटली. स्टेजवर मुलगी उभी राहून बापाकडे पाहत होती.

माझ्यासोबत कामाला आलेल्या सुनंदाने मला आडवं केलं, पदराने वारा घातला आणि कानाशी म्हणाली, "सांगून टाका आता. काहून जीव घेता त्या मानसाचा?"

मी माइक मागवला. आडव्यानेच बोललो.

"मंडळी, बासुंदीत काही खराबी नाही. खराबी माझ्या पोटात हाय. ऑपरेशन केलं मी, बारीक व्हायचं. मले गोड चालत नाही. तरी खाल्लं."

मग मामा म्हणाले, "कारल्याचा रस म्हनत होते ना तुमी?"

"झूट होतं ते."

"मंग ऑपरेशन खरं कायवरून?"

मी शर्ट वर केला. दुर्बिणीच्या ऑपरेशनचे डाग असतात चण्याएवढे. मामा वाकून पाहत राहिले. "बस? इतलेसेच?" त्यांचा आवाज जरा निराश होता. मग त्यांनी स्वतः झाकण काढलं, उभ्याउभ्या वाटी संपवली, दुसरी मागितली. तेव्हा कुठे मांडवात पुन्हा भांडी वाजू लागली. गुरुजी डोळे पुसत वाढायला गेले. तासाभराने मीही उठून बसलो.

पुढच्याच आठवड्यात अमरावतीला गेलो. रक्ताचा रिपोर्ट पाहून मॅडम म्हणाल्या, "वजन छान उतरलंय. सोबत हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व्हही उतरलंय. गोळ्या कुठे आहेत तुमच्या?"

"गोदामात, कांद्याच्या पोत्यांजवळ."

"तिथे कोणाला व्हिटॅमिन कमी पडलंय? कांद्यांना?"

आता गोळ्या वेळेवर घेतो. जिना दम न लागता चढतो. धंदाही बुडाला नाही. उलट लोक पत्रिका देताना डॉक्टरचा पत्ता मागतात.

खाऊ घालण्याच्या धंद्यात 'नको' हा शब्द वेळेवर म्हणून टाकावा. उशीर केला, तर तो माइकवरून, शर्ट वर करून म्हणावा लागतो.