वस्तऱ्याखालची दाद

गल्लीत त्याला सगळे कविराज म्हणायचे, आणि म्हणताना हसायचे. धंदा सलूनचा. एक खुर्ची, एक आरसा, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लागला की ह्याचं सुरू. आधी यमकं जुळवून पाहिली, मग यमकं सोडून पाहिली, मग कथांच्या मागे लागला. मासिकांकडे पाठवलेलं सगळं साभार परत आलं, काही तर आभाराशिवायच. गिऱ्हाइकंही हळूहळू पलीकडच्या सलूनकडे वळली. दाढी करायला येऊन डोकं पिकवून घ्यायची हौस कुणाला असते?

बायको म्हणायची, "मानेवर वस्तरा असला की कुणीही वाहवा करेल. एकदा वस्तरा खाली ठेवून विचारा."

"मग सरांचं काय?" तो म्हणायचा, आणि वाद तिथेच संपायचा.

सर म्हणजे निवृत्त शिक्षक, जन्मभर भाषा शिकवलेला माणूस. दाढी वाढलेली असो नसो, रोज सकाळी यायचे, खुर्चीत बसून डोळे मिटायचे. कविराज पाठ केलेलं म्हणून दाखवायचा. शेवटी टॉवेलने तोंड पुसलं की सर म्हणायचे, "वा. छान." बस्स, एवढंच. पण एवढ्यावरच तो तग धरून होता.

त्याच जोरावर त्याने कादंबरीला हात घातला. थोरला भाऊ भांडून घरातून गेला तो गेलाच, त्याची. ही गोष्ट त्याने बायकोलाही कधी धड सांगितली नव्हती. सरांना रोज एकेक तुकडा सांगायचा. भाऊ रात्रीबेरात्री येईल म्हणून आई मरेपर्यंत दाराला कडी लावत नव्हती, हे सांगताना त्याचा हात थांबला. सर शांत बसून राहिले. आपलं दुःख कुणीतरी वाटून घेतंय, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

एके दिवशी सर आत येताच तो म्हणाला, "सर, उद्या शेवट. तुम्हाला आवडला तर पुस्तक करीन, नाहीतर लिहिणंच सोडून देईन."

"अरे, मग उद्या यायलाच हवं," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले.

त्याच दुपारी सरांची सून सलूनमध्ये आली. "दादा, बाबांचं कानाचं मशीन इथे राहिलंय का, जरा बघता?"

"कसलं मशीन?"

"ऐकायचं हो. दाढीला बसताना काढतात ना, साबण जाईल म्हणून. खिशातून पडलं असणार. त्याच्याशिवाय त्यांना शेजारी भांडं पडलं तरी कळत नाही."

खुर्चीच्या फटीत सापडलं. वाटाण्याएवढं होतं.

"सुटले बाई," सून म्हणाली. "घरात पोरांचा नुसता गोंधळ, आणि मशीन काढलं की आम्ही त्यांच्यावर ओरडतो. निवांत बसायला मिळतं ते तुमच्याकडेच, म्हणतात. म्हणून तर रोज येतात."

ती गेल्यावर कविराज गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा पालथा आहे हेही ह्या शहाण्याला माहीत नव्हतं. आई, तिची ती न लावलेली कडी, भाऊ, सगळं त्याने आरशाला सांगितलं होतं. सरांवर चिडावं तर त्यांनी बिचाऱ्यांनी फक्त मन राखलं होतं. बायकोला सांगायचं तर त्याचं धाडस झालं नाही. ती काही बोलली नसती, आणि तेच त्याला सोसवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सर आले. बसता बसता त्यांनी कानाशी हात नेला, खिशात काहीतरी टाकलं आणि डोळे मिटले. रोज असंच करत असणार. कविराजाची तेव्हा पाठ असायची, फेस काढत असायचा.

शेवट तयार होता. भाऊ परत येतो आणि दार उघडंच असतं. त्याने तो म्हटला नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत. नुसती वस्तऱ्याची खरखर. आज सरांनी काही बोलू नये, उठून निघून जावं, एवढंच तो मनात घोकत होता. म्हणजे कधीतरी, एखादी ओळ तरी त्यांच्या कानावर पडली असेल, असं मानायला जागा राहिली असती.

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. सरांनी डोळे उघडले आणि आरशातून त्याच्याकडे मायेने पाहिलं.

"वा," ते म्हणाले. "शेवट फारच सुंदर केलास. आता पुस्तक करच."

त्याने सरांच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं, दाराबाहेर नेलं आणि बराच वेळ झटकत राहिला.