दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

मंगळवार, ८ मार्च २०११, मिल्वॉकी. उद्यापासून लेंटचे उपवास, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये जॅम भरलेल्या तळीव पोंचकीसाठी रांग. रांगेत डोलोरेस ओलेनिक भेटली. तिचा भाऊ कॅझ आता दोन-चार दिवसांचाच सोबती आहे. दुपारी त्याला पाहून आले.

रोजनिशीत इतकंच लिहिलं, पण कॅझ इतक्यात मावणारा नाही.

कॅझ आमच्याच गल्लीतला. आठवडाभर ओतशाळेत राबायचा आणि शनिवारी गिटार घेऊन गायचा. १९८० साली एका रेकॉर्ड-दुकानदाराने शहरातल्या नऊ न्यू वेव्ह आणि पॉवर पॉप बँडची मिळून एक तबकडी काढली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं कॅझच्या बँडचं होतं. तबकडी दाबली माझ्या नवऱ्याने, एडविनने. तो तबकड्यांच्या कारखान्यात प्रेसवर होता.

तबकडीची लेबलं मागाहून चिकटवत नाहीत. ती गरम प्लास्टिकबरोबरच दाबली जातात आणि जन्मात निघत नाहीत. एडविनने लेबलांचा वरचा गठ्ठा खाली ठेवला आणि खालचा वर, म्हणजे पहिल्या बाजूचं लेबल दुसरीवर आणि दुसरीचं पहिलीवर. पाचशे तबकड्या झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. आदल्याच महिन्यात एक घाणा बिघडला म्हणून त्याला ताकीद मिळाली होती. घरी तीन मुलं. तो गप्प बसला.

रेडिओवाल्याने पहिल्या बाजूचं लेबल पाहून पहिलं गाणं लावलं. वाजलं ते कॅझचं, नाव घेतलं लेक टेलिफोन्स या बँडचं. ऐकणाऱ्यांचे फोनवर फोन आले. टेलिफोन्सवाल्या पोरांनी बिनदिक्कत सांगितलं, गाणं आमचंच. त्यावर त्यांना शिकागोला बोलावणं आलं. तबकडी मात्र खपली नाही, बाकीचे बँड पांगले, आणि दुकानदार दुकान गुंडाळून गेला.

कॅझ आमच्या स्वयंपाकघरात आला. "एडी, रेडिओवाल्याला एवढंच सांग, लेबलं उलटी लागलीत. बाकी काही नको."

"पाचशे दाबल्या, एक उलटी नाही," एडविन म्हणाला.

"माझ्याकडे बघून बोल."

एडविनने पाहिलं, आणि पुन्हा तेच बोलला. मी सिंकपाशी बटाटे सोलत होते.

त्यानंतर कॅझ ज्याला त्याला सांगत सुटला. कोपऱ्यावरच्या बारमध्ये त्याची चेष्टाच झाली. "हो रे कॅझ, आणि त्यात ड्रम मी वाजवलाय!" त्याने गाऊन दाखवलं, तर म्हणाले, "गाणं आम्हालाही येतं की." पुढे त्याने गिटार विकली. दारू वाढली, बायको सोडून गेली, ओतशाळेच्या धुळीने फुप्फुसं खाल्ली. एडविन २००३ साली गेला. त्यानंतर तरी मी बोलायला हवं होतं.

आज १९८०ची रोजनिशी पिशवीत घालून नेली. कॅझ उशांना टेकून बसला होता, नाकात नळी. मी शनिवार, ११ ऑक्टोबरचं पान वाचलं: "एडविन म्हणतो, नऊ बँडच्या तबकडीची लेबलं उलटी लागली. कुणाला सांगू नको म्हणाला."

डोलोरेसने तोंडावर हात ठेवला. "कॅझ, ऐकलंस? तू खरं बोलत होतास रे!"

"मला ठाऊक होतं ते," कॅझ म्हणाला. बराच वेळ तो धापा टाकत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, मी आलो तेव्हा तुम्ही तिथेच होतात. पाठ फिरवून."

"हो."

"हे तेव्हाच लिहिलेलं होतं?"

"चार महिने आधी."

"तीस वर्षं मी बारमध्ये येडा ठरलो, वहिनी. आणि हे तुमच्या कपाटात."

मी म्हटलं, हे पान वर्तमानपत्राकडे पाठवते, तुझं नाव छापून आणते.

"कुणासाठी?" तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. "डोलोरेस, बाईंना त्यांचा कोट दे."

संध्याकाळी रोजनिशीत त्याखाली एवढंच लिहिलं: नूडल्स उकडल्या, लोणी संपलं आहे.