पोखऱ्याला रोडगे

अचलपूरहून निघालेल्या एसटीत आमच्या पायाशी एक जड गोणी होती. तिच्यात ज्वारीचं पीठ, जाड कणीक, तुरीची डाळ, तिखट आणि रिकामा वातीचा स्टोव्ह.

"पाहुणे, लग्नाले का?" कंडक्टरनं विचारलं.

"नेपाळले," मी म्हणालो.

त्यानं तिकीट अमरावतीचंच फाडलं, पण माझ्याकडे दोनदा पाहिलं.

त्याचं तरी काय चुकलं? आमच्याकडे माणूस लग्नाला जातो, मयतीला जातो, देवाला जातो. उगीच कोणी जात नाही. त्यातून ती कापसाची वाईट वर्षं. हसऱ्या माणसाला लोक हसण्याचं कारण विचारत. आमची फुलशेती, झेंडू आणि शेवंतीची. सण आले की जगाला सुट्टी आणि आम्हाला काम. माझी बायको शोभा लग्नापासून प्रत्येक दिवाळीत हार ओवत बसलेली. एकदा कॅलेंडरवरच्या बर्फाच्या डोंगरावर बोट ठेवून म्हणाली, "हा मले एक डाव डोळ्यानं पाहाचा हाये. बाकी काही नोको."

त्या वर्षी शेवंतीनं हात दिला आणि मी मनावर घेतलं. पासपोर्ट लागत नाही, रेल्वे सरहद्दीजवळ नेऊन सोडते, असा परवडणारा परदेश एकच. राहता राहिलं जेवण. ते आपलंच करायचं, म्हणजे खर्च जवळपास नाहीच. या युक्तीवर मी इतका खूश होतो की बडनेऱ्यापासून गोरखपूरपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाला ती ऐकवली. शोभा खिडकीशी बसून शेतं बघत होती. मध्येच म्हणे, "इकडं गहू किती हिरवागार हाये, पाहा ना."

सोनौलीला सरहद्द म्हणजे नुसती एक कमान. आम्ही चालत पलीकडे गेलो.

"आला परदेश?" शोभानं विचारलं.

"आला."

"मंग इथल्या बायाबी भांडूनच भाजी घेऊन राहिल्या," ती म्हणाली आणि खुदकन हसली. तेवढ्यात शिपायानं गोणी उघडायला लावली. पीठ चिमटीत घेऊन त्यानं वास घेतला.

"ये क्या है?"

"ज्वार का आटा."

"क्यों? नेपाल में लोग खाना नहीं खाते?"

मला ते लागलं नाही. तेव्हा लागायला हवं होतं.

पोखऱ्याला एका बाईंच्या घरी खोली मिळाली. त्यांना सगळे दिदी (थोरली बहीण) म्हणत. गच्चीवरून माछापुच्छ्रे, म्हणजे माशाच्या शेपटीसारखं शिखर, समोरच दिसतं. पण फक्त सकाळी. आठ वाजले की ढग येतात आणि डोंगर गुडूप. तीन सकाळी मी गच्चीवर उभा राहून चहा प्यायलो. खाली अंगणाच्या छपरात शोभा दिवसभराच्या भाकरी थापत असायची. "लय भारी दिसून राहिला," मी वरून ओरडायचो. मग भाकरी बांधून आम्ही तळ्यात नाव फिरवायचो, गुहा बघायचो, बाजारात मोत्यांच्या माळांचा नुसताच भाव करायचो. मजा चालली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शोभा तवा घासत होती. दिदींनी विचारलं, "बहिनी, पहाड़ कैसा लगा?"

"इन्होंने बताया ना, अच्छा है," शोभा म्हणाली. कुरकूर नव्हती, साधं उत्तर होतं. दिदींनी मात्र माझ्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. जिच्यासाठी आलो, तिनंच डोंगर पाहिला नव्हता. आणि उद्या दहाची परतीची बस.

मला स्वयंपाक येत नाही. येतात फक्त रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे), कारण आमच्याकडे शेतातल्या पंगतीत ते पुरुषच करतात. चौथ्या दिवशी फटफटताच मी दिदींच्या अंगणात जाळ केला.

"सरका, तुमाले इथं जमत नाही," शोभा आली.

"शेतात जमते ना? वर जाय तू."

ती गेली. उत्तरेला ढगच ढग होते. मी निखारे सारत राहिलो. थोड्या वेळानं गच्चीकडे तोंड करून ओरडलो.

"शोभे, दिसला का?"

ती कठड्याशी आली. डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू. "आदी टोकच दिसलं. गुलाबी. मंग पूरा उघडा झाला हो."

मी जिन्याकडे वळायला लागलो.

"तुमी नोका येऊ," ती म्हणाली, "रोडगे जळतीन."

ढग येईपर्यंत ती तिथून हलली नाही. चहा तिथंच पाठवला. इतकं सुख मला शेवंतीच्या चढ्या भावानंही कधी दिलं नव्हतं. रोडगे बाहेरून करपले, आतून कच्चे राहिले. शोभानं तीन खाल्ले. दिदींनी एक खाल्ला, तो तूप घालून.

गावी परतलो तर अंगणात बाया जमल्या. "काय खाल्लं व परदेशात?"

"रोडगे," शोभा म्हणाली, आणि हशा पिकला. मग हातानं आकार काढत ती डोंगर सांगत बसली. मी तो तीनदा पाहिला होता, तरी ऐकत उभा राहिलो.

पुरुष मला एवढंच विचारतात, कितीत झालं. आकडा मी सांगतो, लोक थक्क होतात. पहिल्या तीन सकाळी मात्र त्या आकड्यात नाहीत. त्यांची किंमत शोभानं भरली.